प्रशिक्षणाचे खडबडीत आलेख गुळगुळीत कसे करावेत: दोन प्रयोगांची तुलना करणाऱ्या नवशिक्यांसाठी

मशीन लर्निंगचे पहिलेच दोन प्रयोग शेजारीशेजारी चालवले आणि त्यांचे लॉस (मॉडेल किती चुकते ते मोजणारे आकडे) एकाच आलेखावर आणले, की बहुतेकांना दोन रेषा दिसत नाहीत, तर एकमेकांत गुंतलेले दोन रंगांचे झुडूप दिसते. मग टेन्सरबोर्डसारख्या आलेख दाखवणाऱ्या साधनात कडेला असलेली स्मूदिंगची, म्हणजे रेषा गुळगुळीत करण्याची, पट्टी उजवीकडे सरकवली जाते, रेषा सुटसुटीत होतात, एक रेषा दुसरीच्या खाली दिसते आणि निर्णय होऊन जातो. हा निर्णय कधी बरोबर ठरतो आणि कधी फसतो, हे समजण्यासाठी त्या पट्टीमागचे गणित पाहावे लागते. ते शाळेतल्या सरासरीपेक्षा फारसे अवघड नाही.

उदाहरण म्हणून एक सर्वपरिचित प्रयोग घेऊ. सीफार-१० या संचात ३२ × ३२ पिक्सेलची ६०,००० रंगीत चित्रे असून त्यांतील ५०,००० प्रशिक्षणासाठी आणि १०,००० चाचणीसाठी आहेत. रेसनेट या चित्रे ओळखणाऱ्या मॉडेलच्या २०१५ सालच्या मूळ शोधनिबंधात या संचावरील प्रशिक्षणाची कृती स्पष्ट दिली आहे: बॅच (एका स्टेपला, म्हणजे मॉडेलच्या एका सुधारणेला, वापरायचा गट) १२८ चित्रांची, सुरुवातीचा लर्निंग रेट (प्रत्येक सुधारणा किती मोठी हे ठरवणारा आकडा) ०.१, तो ३२,००० आणि ४८,००० व्या स्टेपला दहापट कमी करायचा आणि ६४,००० स्टेप्सना थांबायचे. प्रशिक्षणाच्या ५०,००० चित्रांपैकी ५,००० व्हॅलिडेशनसाठी (प्रशिक्षणादरम्यानच्या तपासणीसाठी) बाजूला ठेवली, तर उरलेल्या ४५,००० चित्रांचा एक एपॉक, म्हणजे सगळ्या चित्रांवरची एक फेरी, सुमारे ३५२ स्टेप्सचा होतो. या कृतीचे दोन रन, म्हणजे दोन प्रयोग, आपल्याला ताडून पाहायचे आहेत असे समजू. पहिल्याचा लर्निंग रेट ०.१ आणि दुसऱ्याचा ०.०५.

पायरी १: चढउतार कशामुळे आहेत ते आधी ओळखा

मॉडेल जराही बदलले नाही तरी आलेख थरथरतो, कारण प्रत्येक स्टेपला मोजमाप वेगळ्या १२८ चित्रांवर होते. समजा, मॉडेलची खरी अचूकता ९० टक्के आहे. मग एका बॅचमध्ये सरासरी ११५ चित्रे बरोबर ओळखली जातील, पण एखाद्या बॅचमध्ये ११२ आणि दुसऱ्या बॅचमध्ये ११८ येणे ही रोजचीच गोष्ट आहे. म्हणजे आलेखावर ८७.५ पासून ९२.२ टक्क्यांपर्यंतची उडी दिसेल आणि तिच्यामागे कोणतीही सुधारणा किंवा घसरण नसेल. संख्याशास्त्राच्या भाषेत या मोजमापाचे प्रमाण विचलन (सरासरीपासून नेहमी पडणारा फरक) सुमारे २.६५ टक्के आहे. बॅच ३२ ची केली तर ते दुप्पट, म्हणजे ५.३ टक्के होते.

हा झाला बॅचचा नॉइज, आणि स्मूदिंगचे औषध फक्त याच दुखण्यावर लागू पडते. आलेखावरचे बाकीचे चढउतार वेगळ्या जातीचे असतात. ३२,००० व्या स्टेपला लॉस एकदम खाली येतो, तो नॉइज नसून लर्निंग रेट कमी केल्याचा खरा परिणाम असतो. दर एपॉकला ठरावीक जागी दात दिसत असतील तर बहुधा डेटा नीट पिसला जात नाही किंवा नोंद ठेवणारी सरासरी दर एपॉकला शून्यापासून सुरू होते. केरास या प्रशिक्षणाच्या लायब्ररीच्या प्रगतिपट्टीवर दिसणारा प्रशिक्षण-लॉस अशीच एपॉकच्या आरंभापासूनची सरासरी असतो. व्हॅलिडेशनचा आकडा मात्र एपॉक संपल्यावरच्या मॉडेलचा असतो, त्यामुळे सुरुवातीच्या एपॉकमध्ये व्हॅलिडेशन-लॉस प्रशिक्षण-लॉसपेक्षा कमी दिसला तर दचकण्याचे कारण नाही. या सर्व खुणा मोठ्या स्मूदिंगखाली पुसल्या जातात, म्हणून पट्टीला हात लावण्यापूर्वी एकदा मूळ रेषा शून्य स्मूदिंगवर पाहून घ्यावी. ही सवय लावून घेतली तर पुढचे बरेच घोटाळे टळतात.

पायरी २: सरासरी एकदा कागदावर करून पाहा

टेन्सरबोर्डची पट्टी वापरते ती घातांकी चल सरासरी. शेअर बाजाराचे तक्ते पाहणाऱ्यांना ही ओळखीची असेल. नियम एका ओळीचा आहे: नवी सरासरी = भार × जुनी सरासरी + (१ − भार) × आताची नोंद. पट्टीवर दिसणारा आकडा म्हणजे हा भार. टेन्सरबोर्डमध्ये तो मुळात ०.६ असतो आणि ०.९९९ पर्यंत नेता येतो.

समजा, पहिल्या पाच नोंदी २.०, १.६, १.९, १.४ आणि १.५ अशा आहेत आणि भार ०.६ आहे. सरासरी शून्यापासून सुरू केली तर पहिली किंमत ०.४ × २.० = ०.८ येते. पुढच्या किमती १.१२, १.४३, १.४२ आणि १.४५ येतात. मूळ लॉस उतरत असताना सरासरीची रेषा मात्र चढते आहे! कारण उघड आहे: सुरुवातीचे शून्य ही कोणाचीच नोंद नव्हती, तरी तिला भार मिळाला. यावरचा उपाय असा, की प्रत्येक किमतीला (१ − भाराचा त्या क्रमांकाचा घात) या संख्येने भागावे. आपल्या उदाहरणात ते भाजक ०.४, ०.६४, ०.७८४, ०.८७०४ आणि ०.९२२२ असे येतात, आणि भागल्यावर सरासरी २.०, १.७५, १.८३, १.६३, १.५७ अशी खाली येते. ॲडम या ऑप्टिमायझरमध्ये (मॉडेल सुधारण्याच्या पद्धतीत) जी पूर्वग्रह-दुरुस्ती केली जाते, ती हीच. टेन्सरबोर्ड ही दुरुस्ती आपणहून करतो, परंतु स्वतःच्या नोटबुकमध्ये चार ओळींत सरासरी लिहिणारे अनेक जण ती विसरतात आणि पहिल्या काही शंभर स्टेप्समध्ये मॉडेल बिघडत आहे असे समजतात. सरासरीची सुरुवात शून्याऐवजी पहिल्या नोंदीपासून करणे हाही चालण्याजोगा मार्ग आहे. फक्त पहिलीच नोंद विचित्र असेल तर तिची छाया लांबवर पडते.

पायरी ३: भार निवडताना उशीर मोजा

भार वाढवला की रेषा शांत होते, आणि त्याची किंमत उशिराच्या रूपाने द्यावी लागते, कारण सरासरी जुन्या नोंदींना धरून बसते. दोन्ही गोष्टी मोजता येतात. लागोपाठच्या नोंदींचा नॉइज एकमेकांपासून स्वतंत्र मानला, तर ०.६ भारावर थरथर निम्मी होते, ०.९ वर २३ टक्के उरते आणि ०.९९ वर सुमारे ७ टक्के. उशीर मात्र भार ÷ (१ − भार) इतक्या नोंदींचा असतो: ०.६ ला दीड नोंद, ०.९ ला ९ नोंदी, ०.९९ ला ९९ नोंदी. वर पाहिलेली २.६५ टक्क्यांची थरथर ०.९ वर ०.६ टक्क्यांच्या आसपास येते, आणि बहुतेक वेळा डोळ्यांना तेवढे पुरते.

आता हे स्टेप्समध्ये मांडून पाहू. दर १० स्टेप्सना एक नोंद होत असेल, तर ०.९९ भाराचा उशीर ९९० स्टेप्स, म्हणजे पावणेतीन एपॉकहून अधिक झाला. ३२,००० व्या स्टेपचा खरा उतार कड्यासारखा असतो, ०.९९ वर तो लांबलचक घसरगुंडी होतो आणि नव्या पातळीचे ९५ टक्के अंतर कापायला सरासरीला सुमारे ३०० नोंदी, अर्थात ३,००० स्टेप्स लागतात. ज्याने फक्त ही रेषा पाहिली, तो सहज म्हणेल की लर्निंग रेट कमी केल्यावर मॉडेल हळूहळू सुधारत गेले. ०.९ वर हेच अंतर २९० स्टेप्सच्या आत कापले जाते.

म्हणून भार निवडताना रेषा किती देखणी दिसते हे पाहू नये. आपल्याला जी घटना आलेखावर शोधायची आहे ती किती स्टेप्समध्ये घडते, हे आधी ठरवावे आणि उशीर त्याच्या एक-दशांशाच्या आसपास राहील असा भार घ्यावा. एक-दशांश हा काही सिद्धांत नाही, पण त्याने काम चालते. उशीर अजिबात नको असेल तर मागच्या आणि पुढच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी घेणारी केंद्रित सरासरी, उदाहरणार्थ गाउसीय स्मूदिंग, वापरता येते. ही पद्धत पूर्ण झालेल्या रनसाठी उत्तम आहे. चालू रनच्या टोकाशी तिला पुढच्या नोंदी मिळतच नाहीत, त्यामुळे तिथली रेषा प्रत्येक नव्या नोंदीबरोबर हलते आणि रन थांबवावा की चालू ठेवावा हे तिच्यावरून ठरवू नये.

पायरी ४: दोन्ही रनना एकच माप लावा

नवशिक्यांच्या तुलना सर्वांत जास्त इथे फसतात, आणि फसल्याचे आलेखावर दिसतही नाही, म्हणून इथे जरा थांबू.

भार नोंदींना लागतो, स्टेप्सना लागत नाही. पहिल्या रनने दर १० स्टेप्सना आणि दुसऱ्याने दर ५० स्टेप्सना नोंद केली असेल, तर ०.९ भारावर पहिल्याची रेषा ९० स्टेप्स मागे असते आणि दुसऱ्याची ४५०. लॉस उतरत असताना मागे राहणे म्हणजे वर दिसणे. परिणामी दोन्ही मॉडेल तंतोतंत सारखी असली तरी दुसरे वाईट दिसेल. यावर सोपा हिशेब आहे: नोंदींमधले अंतर पाचपट असेल तर भाराचा पाचवा घात घ्यावा. ०.९ चा पाचवा घात ०.५९ येतो, म्हणजे पहिल्या रनला ०.९ लावला तर दुसऱ्याला ०.५९ लावल्यावर दोन्ही रेषांची स्मरणशक्ती स्टेप्सच्या हिशेबात सारखी होते. अर्थात पट्टी सगळ्या रनना एकच भार लावते, तेव्हा हे काम आकडे बाहेर काढून नोटबुकमध्येच करावे लागते. त्याहून बरे म्हणजे नोंदींचे अंतर सगळ्या रनमध्ये पहिल्यापासूनच सारखे ठेवावे. वेट्स अँड बायसेस या प्रयोगांच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनात क्ष-अक्षावरील नोंदींची दाटी लक्षात घेणारी घातांकी सरासरी उपलब्ध आहे, तीही या अडचणीवर उपयोगी पडते.

दुसरा सापळा अधिक छुपा आहे. टेन्सरबोर्ड प्रत्येक मालिकेतल्या सगळ्या नोंदी दाखवत नाही. नेहमीच्या मांडणीत तो सुमारे १,००० नोंदी यादृच्छिक पद्धतीने निवडून ठेवतो आणि स्मूदिंग या निवडलेल्या नोंदींवर होते. आपल्या पूर्ण झालेल्या रनच्या ६,४०० नोंदींपैकी १,००० उरल्या, तर त्यांच्यातले सरासरी अंतर ६४ स्टेप्सचे होते आणि ०.९ भाराचा उशीर ९० ऐवजी ५७६ स्टेप्सवर जातो. शेजारचा रन अजून ३२,००० स्टेप्सवरच असेल तर त्याच्या नोंदींमधले अंतर ३२ स्टेप्स आणि उशीर २८८ स्टेप्स. म्हणजे एकाच पट्टीवर, एकाच भाराने, कालचा पूर्ण रन आजच्या अर्ध्या रनपेक्षा दुप्पट उशिराने काढला जातो, आणि अर्धा रन उगाचच हुशार दिसतो. टेन्सरबोर्ड सुरू करताना ठेवायच्या नोंदींची मर्यादा वाढवता येते. गंभीर तुलनेआधी ती वाढवून घ्यावी.

तिसरी गोष्ट बॅचची. एका रनची बॅच १२८ आणि दुसऱ्याची ५१२ असेल, तर एकाच स्टेप क्रमांकावर दुसऱ्याने चौपट चित्रे पाहिलेली असतात आणि त्याचा नॉइजही निम्मा असतो. अशा वेळी क्ष-अक्षावर स्टेप्सऐवजी आतापर्यंत पाहिलेल्या चित्रांची संख्या घ्यावी आणि भारही त्याच मापावर बसवावा. वेळेची स्पर्धा असेल तर क्ष-अक्षावर घड्याळाचा वेळ घेणे योग्य ठरते, पण मग दोन्ही रन एकाच प्रकारच्या यंत्रावर झाले आहेत ना, हे तपासावे.

पायरी ५: उसळ्या सरासरीत घोळू नका

विशेषतः भाषा-मॉडेलच्या प्रशिक्षणात लॉस मधूनच एखाद्या नोंदीपुरता उसळतो. २ वर असलेला लॉस एका नोंदीत ३० झाला, तर ०.९ भाराची सरासरी लगेच २.८ ने वर जाते आणि तो फुगवटा ०.१ च्या खाली यायला ३२ नोंदी लागतात. एका क्षणाची घटना आलेखावर टेकडीसारखी दिसते. अशा मालिकेला चल मध्यक लावावा: ठरावीक खिडकीतल्या नोंदी क्रमाने लावून मधली घ्यायची, म्हणजे एकटीदुकटी उसळी रेषेला हलवू शकत नाही. मात्र उसळ्या किती आणि कुठे आल्या हे वेगळे मोजून ठेवावे, कारण दोन लर्निंग रेटची तुलना करताना तीच माहिती कधीकधी सर्वांत मोलाची असते. टेन्सरबोर्डमध्ये अक्षाची मर्यादा ठरवताना टोकाच्या नोंदी वगळण्याची सोय आहे. तिने फक्त चौकट बदलते, सरासरी बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे.

स्वतः सरासरी लिहीत असल्यास नॅनची (गणित फसल्यावर येणाऱ्या «संख्या नाही» या किमतीची) तपासणी घालायला विसरू नये. एक नॅन नोंद सरासरीत शिरली की पुढची प्रत्येक किंमत नॅनच येते आणि रेषा तिथेच तुटते.

पायरी ६: व्हॅलिडेशनची रेषा शक्यतो तशीच ठेवा

व्हॅलिडेशनचे मोजमाप दर वेळी त्याच ५,००० चित्रांवर होते, त्यामुळे तिथे बॅचचा नॉइज नसतो, आणि नोंदीही एपॉकला एकच असते. या रेषेला ०.९ लावणे म्हणजे ९ एपॉक जुने चित्र पाहणे होय. शिवाय सरासरीची किंमत कोणत्याही साठवलेल्या मॉडेलची नसते. सरासरीचा तळ ज्या एपॉकला दिसतो ते मॉडेल उचलले, तर प्रत्यक्षात दुसरेच काहीतरी हाती येते. मॉडेल निवडताना आणि तक्त्यात आकडा लिहिताना मूळ व्हॅलिडेशन नोंदीच वापराव्यात, आणि अनेक एपॉकमधून सर्वोत्तम निवडल्यामुळे तो आकडा थोडा आशावादी असतो, म्हणून अंतिम आकडा चाचणी-संचावर एकदाच काढावा.

५,००० चित्रांवरच्या ९१ टक्के अचूकतेचे प्रमाण विचलन सुमारे ०.४ टक्के असते. तेव्हा एक रन ९१.२ आणि दुसरा ९१.४ दाखवत असेल, तर त्यावरून दुसऱ्याला विजयी ठरवता येत नाही. दोन्ही मॉडेल त्याच चित्रांवर तपासली असल्यामुळे अधिक बारीक तुलना शक्य असते: पहिल्याने बरोबर आणि दुसऱ्याने चूक ओळखलेली चित्रे किती, आणि याच्या उलट किती, एवढेच मोजायचे. १९४७ साली क्विन मॅकनेमार यांनी मांडलेली चाचणी याच दोन संख्यांवर चालते.

पायरी ७: दोन रेषांतला फरक सीड बदलून तपासा

स्मूदिंग एका रनच्या आतला नॉइज कमी करते. तोच प्रयोग वेगळ्या सीडने (यादृच्छिक निवडींची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्याने) चालवला असता जो फरक पडतो, त्याला ते हातही लावत नाही. उलट, रेषा जितक्या स्वच्छ, तितका त्यांच्यातला फरक खरा वाटतो, आणि म्हणूनच माझ्या मते जास्त स्मूदिंग हे कमी स्मूदिंगपेक्षा धोक्याचे आहे. रीइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये, म्हणजे बक्षिसांवरून शिकवण्याच्या पद्धतीत, हे फार ठळकपणे दिसते. पीटर हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली हाफचीता या आभासी प्राण्याला धावायला शिकवण्याच्या प्रयोगावर एकच अल्गोरिदम, तीच सेटिंग्ज आणि दहा वेगवेगळे सीड घेऊन रन चालवले, त्यांचे पाच-पाचचे दोन गट केले, आणि दोन्ही गटांच्या सरासरी रेषा दोन वेगळे अल्गोरिदम असावेत इतक्या दूर आल्या.

सीफार-१० वरचा फरक इतका भयंकर नसतो, पण असतोच. प्रत्येक सेटिंगचे निदान तीन, जमल्यास पाच रन वेगवेगळ्या सीडने चालवावेत. मग प्रत्येक स्टेपला त्या रनची सरासरी ठळक रेषेने आणि सर्वांत लहान ते सर्वांत मोठ्या किमतीचा पट्टा फिकट रंगात काढावा. क्रम महत्त्वाचा आहे: पट्टा मूळ किंवा अगदी हलक्या स्मूदिंगच्या रेषांवरून काढला असेल तर त्यात बॅचचा नॉइजही मिसळतो, म्हणून आधी प्रत्येक रन सारख्या भाराने गुळगुळीत करावा आणि नंतर पट्टा काढावा, म्हणजे उरलेली रुंदी मुख्यतः सीडची असते. ०.१ आणि ०.०५ या दोन लर्निंग रेटचे पट्टे शेवटच्या टप्प्यात एकमेकांवर बसत असतील, तर या कृतीपुरता दोघांत फरक दाखवता आला नाही, असेच लिहावे. गणनेचा खर्च परवडत नसेल तर सगळे सीड छोट्या मॉडेलवर, उदाहरणार्थ रेसनेट-२० वर, चालवावेत आणि मोठ्या मॉडेलबद्दलचे विधान तितक्याच सावधपणे करावे.

पायरी ८: आलेख दुसऱ्याच्या हाती देताना

गुळगुळीत रेषेच्या मागे मूळ नोंदी फिकट रंगात राहू द्याव्यात. टेन्सरबोर्ड तसे करतोच; स्वतः काढलेल्या आलेखातही ते करावे, कारण पाहणाऱ्याला किती थरथर दाबली आहे हे त्यावरूनच कळते. आलेखाखाली पद्धत, भार आणि नोंदींचे अंतर ही तिन्ही लिहावीत. उदाहरणार्थ: «प्रशिक्षण-लॉस, दर १० स्टेप्सना नोंद, घातांकी सरासरी, भार ०.९, प्रत्येकी ३ सीड, पट्टा किमान ते कमाल.» नुसते «स्मूदिंग ०.९» लिहिल्याने वाचणाऱ्याला उशीर किती हे काढता येत नाही. आकडे फाइलमध्ये साठवताना मूळ नोंदीच साठवाव्यात; त्यांवरून सरासरी केव्हाही पुन्हा काढता येते, पण दशांशस्थळे छाटून साठवलेल्या नुसत्या सरासरीवरून मूळ नोंदी परत मिळवता येत नाहीत.